देवमाशाला पाय होते, हे सातवीच्या वर्गात कसं पटवू?

समुद्रकाठचा मास्तर:
मालवणजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालायचे, असं काल सांगितलं. रापणकराची मुलगी उठून म्हणाली, "सर, कोणी बघितलंय?" जीवाश्म सापडलेत, एवढंच मी बोललो. तिला ते पटलं नाही. मुलांच्या हातात ठेवता येईल असं काही आहे का?

गौरी:
आहे! मटणवाल्याकडून बकऱ्याच्या मागच्या पायाचं घोट्याचं हाड आणा. उकळून साफ करा आणि नीट बघा: वर कप्पीसारखी खाच, खालीही तशीच. कुत्र्याच्या घोट्यात खाच फक्त वरच्या टोकाला असते. दोन्हीकडे कप्पी ही गाय, बकरी, हरीण, पाणघोडा या समखुरी घराण्याची खूण. २००१ साली बलुचिस्तानातल्या सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे घोटे प्रसिद्ध झाले, रोडोसीटस आणि आर्टिओसीटस. त्यांच्यातही हीच दुहेरी कप्पी! पाणघोडा देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग, हे डीएनएवरूनही दिसत होतंच.

एम.एस्सी.ला असताना मी कच्छमधल्या हरुडीला गेले होते. रखरखीत ओढा, पायाखाली जिप्समचे चकाकणारे तुकडे. त्याच भागात कच्छिसीटस आणि रेमिंग्टनोसीटस हे प्राचीन देवमासे सापडले. लांब निमुळतं तोंड, बारीक डोळे, आणि चार पाय. तिथे उभं राहिल्यावर मला गलबलून आलं होतं.

निनाद:
यात कानाचीही भर घाला. देवमाशाच्या कानाच्या हाडाची आतली भिंत जाड, गच्च असते. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटहून जीवाश्मांचे दगड आणून ठेवले होते. त्यांच्या मागे पत्नीने ते जपले आणि पुढे जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून तुटलं, आणि आत तीच जाड भिंत! तो होता इंडोहायस, मांजराएवढा, सडपातळ पायांचा. २००७ मध्ये जाहीर झाला. फक्त मुलांना 'पूर्वज' म्हणून सांगू नका, तो चुलत घराण्यातला.

गौरी:
बरोबर. आणि त्याची पायाची हाडं बाहेरून जाड, आतली पोकळी अरुंद. पाणघोड्यासारखं पाण्यात तळाशी चालायला असं वजन कामी येतं. म्हणजे देवमाशाच्या घराण्याची पाण्याची ओढ मासे खायला लागण्याआधीची असावी.

समुद्रकाठचा मास्तर:
गौरीताई, आज हाड नेलं. ती मुलगी दोन्ही खाचांतून अंगठा फिरवत बसली होती. मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, "सर, उद्या कुत्र्याचं मिळेल?"