रंधा ओरबाडतोय? आधी पातं काढा

नवा रंधा सागाच्या फळीवर गुळगुळीत चालण्याऐवजी ओरबाडतो, असं तुम्ही म्हणताय. रंध्याला नावं ठेवू नका, दोष बहुधा पात्याचा आहे. दुकानातून आलेल्या पात्याला कामापुरती धार नसते. मी माझं पहिलं पातं तसंच वापरलं आणि पाटाची चांगली फळी वाया घालवली (घरात अजून निघतो तो विषय).

जाड काच ओली करून त्यावर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) पसरा, तो आपोआप चिकटून बसतो. आधी ४०० नंबरचा, मग १०००, शेवटी २००० (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). पात्याची सपाट पाठ, निदान धारेलगतचा बोटभर भाग, आरशासारखा चमकला पाहिजे. इथेच सगळे कंटाळतात. मग धारेचा पुढचा उतार २५ अंशांत घासा, आणि अगदी टोकाला ३० अंशांवर चार-पाच हलके हात. पाठीमागे बोटाला खरखरीत कड लागेल, ती पाठ सपाट ठेवूनच घासून काढा.

सागात सिलिका (वाळूतला कठीण पदार्थ) असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते. मी तर काम चालू असतानाच मधूनमधून २००० वर पातं फिरवून घेतो.

आणि हो, फळीच्या कडेला लाकडाच्या रेषा कुठे वर चढतात ते बघून त्याच दिशेने रंधा मारा. उलटा मारला तर उत्तम धारही ओरबाडतेच.