अनुभव धागा : घरच्या उपासनेतली उपकारस्तुती

इंदूर आणि आसपास आपली मराठी ख्रिस्ती घरं विखुरलेली आहेत. कोणी स्नेहलतागंजला, कोणी महूला, कोणी पार विजयनगरच्या पुढे. रविवारची उपासना बहुतेकांची हिंदीत आणि मुलांच्या शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी प्रार्थना उरली ती संध्याकाळी घरी, जेवणाआधी. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 मध्ये इथे आले. आमचे पणजोबा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नगरहून नोकरीसाठी आले, आणि येताना बाजाची पेटी आणि ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग घेऊन आले. ते अभंग आमच्याकडे अजून म्हटले जातात.

घरातले सगळे मिळून तुम्ही देवाचे आभार कसे मानता, म्हणजे उपकारस्तुती कशी करता, ते इथे लिहा. प्रवचन नको, घरात काय घडतं ते हवं. माझं मत आधीच सांगते. ‘प्रभू, सगळ्याबद्दल तुझे आभार’ एवढ्यावर प्रार्थना आटोपली की कोणाला काहीच आठवावं लागत नाही. गोष्ट नेमकी सांगायला हवी, तीही मोठ्याने, आणि घरच्यांनी ती ऐकायला हवी.

स्नेहलतागंज, एक आजोबा

आमच्याकडे बायबलमधलं स्तोत्र 136 आहे. त्याची 26 वचनं, आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’. मी अर्धं वचन वाचतो, उरलेलं सगळे म्हणतात. नात चार वर्षांची, तिला वाचता येत नाही, पण तिचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, सगळं त्या स्तोत्रात येतं. ते संपलं की आमची स्वतःची वचनं सुरू होतात. सूनबाई म्हणते, “आज नळाला पाणी आलं.” सगळे म्हणतात, “त्याची दया सनातन आहे.” मुलगा म्हणतो, “गाडी घसरली पण लागलं नाही.” पुन्हा तेच.

पाण्याचं आमच्या घरात रोज निघतं, त्याला कारण आहे. नर्मदेचं पाणी इंदूरला 1978 मध्ये आलं. त्याआधीचे उन्हाळे मी पाहिले आहेत. आई पहाटे हंडा घेऊन रांगेत उभी असायची. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, तेही घाट चढून येणारं पाणी आहे हे. मुलांना हे सांगितल्याशिवाय ‘पाण्याबद्दल आभार’ हे शब्द पोकळच राहतात. म्हणून मी आधी हंड्याची गोष्ट सांगतो, मग प्रार्थना करतो.

महू, गृहिणी

आम्ही कॅथलिक. ऑक्टोबरमध्ये जपमाळ रोज होते, एरवी शनिवारी. जपमाळ संपल्यावर लगेच कोणी उठायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची आणि मगच ताटं घ्यायची.

पलासिया, नोकरी करणारी मुलगी

आई नर्स आहे, तिची ड्यूटी बदलती. रात्रपाळी असेल तेव्हा तिची जेवणाची सुट्टी होईल त्या वेळी आम्ही फोन स्पीकरवर ठेवतो. बाबा एक वचन वाचतात, आई दोन वाक्यं बोलते. “सहा नंबरच्या आजी आज स्वतः उठून बसल्या.” एवढंच. त्या आजींना आम्ही कधी पाहिलेलं नाही, पण आमच्या घरात त्यांच्यासाठी कितीतरी दिवस आभार मानले गेले आहेत. ठरलेल्या वेळेचा आग्रह धरला असता तर आमच्याकडे उपासना कधीच झाली नसती.

नंदानगर, निवृत्त शिक्षिका

मला थोडं वेगळं लिहायचं आहे. हे गेल्यानंतर मला आभाराचा शब्द तोंडातून काढवत नव्हता. माझी पाळी आली की मी गप्प बसायचे. दीर, जाऊबाई, मुलं, कोणीही मला ‘म्हणा हो काहीतरी’ असं म्हटलं नाही. ते थोडं थांबायचे आणि पुढच्याकडे वळायचे. दिरांनी त्या काळात स्तोत्र 13 निवडलं. ‘हे परमेश्वरा, तू कोठवर मला विसरणार?’ अशी त्याची सुरुवात. सहाच वचनं, पण शेवटपर्यंत पोचायला मला कित्येक महिने लागले. दिरांनी मला तिथे घाईने नेलं नाही.

एका संध्याकाळी मी म्हटलं, “आज त्यांचा स्वेटर धुतला. वीण अजून घट्ट आहे.” बस. जाऊबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “प्रभू, त्या विणीबद्दल तुझे आभार.” ज्या घरात दुःखाला जागा नाही तिथली उपकारस्तुती मला खरी वाटत नाही, आणि हे मी चर्चच्या पाळकसाहेबांनाही सांगितलं आहे.

*(ताई, हे लिहिलंत म्हणून मी तुमची ऋणी आहे. ज्यांच्या घरी नुकतंच काही घडलं आहे त्यांनी हा अनुभव आधी वाचावा. – धागाकर्ती)*

रामबाग, दोन मुलांचा बाबा

लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घरी वाचली. बरे दहा जण झाले, परत आला एकच, आणि तो शमरोनी, म्हणजे परका. मुलीने विचारलं, “बाबा, आपण कोणाकडे परत गेलो नाही?” मला उत्तर सुचेना. तेव्हापासून आमच्याकडे दोन भाग असतात. आधी देवाचे आभार, मग ‘परत कोणाकडे जायचं’.

मुलांनी पहिलं नाव घेतलं कचरागाडीवाल्या भैयांचं. इंदूर स्वच्छ म्हणून आपण सगळीकडे मिरवतो, पण ओला-सुका कचरा रोज सकाळी उचलणारा माणूस आपल्याला नावाने माहीत नसतो. नाताळच्या फराळाचा डबा मुलांनी स्वतः भरला. खाली करंज्या, वर शंकरपाळे, आणि केकचा तुकडा वेगळ्या कागदात, कारण करंज्यांना केकचा वास लागायला नको. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं तशी दोघं जिना उतरून धावली. भैयांनी डबा घेतला, हातमोजे काढून हात पुसले आणि दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगी वर येऊन म्हणाली, “त्यांनाही आपल्याएवढीच दोन मुलं आहेत.” आता संध्याकाळच्या प्रार्थनेत ती दोन मुलंही असतात.

मालवा मिल परिसर, एक आत्या

आमच्याकडे वही आहे. वडील ज्या गिरणीत होते ती बंद पडली, देणी अडकली, तेव्हा आईने ती सुरू केली. पहिल्या पानावर 1 शमुवेल 7:12, ‘येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे’. शमुवेलाने विजयानंतर दगड उभा केला आणि त्याला एबन-एजर नाव दिलं, ते हे वचन. खाली आईच्या बारीक अक्षरात नोंदी: ‘शेजारच्या वहिनींनी पिठाचा डबा भरून पाठवला.’ ‘धाकट्याची फी गुरुजींनी भरली, नाव सांगू नका म्हणाले.’ ‘यांना तात्पुरतं काम मिळालं.’ पगार थांबला त्या दिवसाचीही नोंद आहे, कारण त्या रात्रीही घरात भाकरी होती.

31 डिसेंबरला रात्रीच्या उपासनेला निघण्याआधी आम्ही भावंडं ती वही वाचतो. भाच्यांना आजीने काय सोसलं हे त्या वहीतूनच कळलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी यावर्षीच वही सुरू करा आणि त्यांना सांगायला बसवा, लिहायला तुम्ही बसा.

विजयनगर, नवीन जोडपं

आम्ही दोघंच आहोत, भाड्याचा फ्लॅट. ही मराठी वाचते, मला वाचताना अडखळायला होतं. गाता दोघांनाही येत नाही. सुरुवात कशी करावी?

स्नेहलतागंजचे आजोबा

बाळांनो, गाणं राहू द्या. स्तोत्र 103 काढा आणि पहिली पाचच वचनं वाचा. बायकोने वाचावं, तुम्ही तिच्या मागोमाग म्हणावं, म्हणजे अडखळण्याचा प्रश्न नाही. त्या पाच वचनांत क्षमा आहे, आरोग्य आहे, आयुष्य वाचवणं आहे, पोटभर मिळणं आहे. त्यातलं आज तुम्हाला कोणतं मिळालं ते एकमेकांना सांगा. दहा मिनिटं पुरतात. आणि रविवारी आमच्याकडे या, पेटी आहे, गायला बसू.

विजयनगर, नवीन जोडपं

येतो, आजोबा. येताना भाजी काय आणू?