ऑरेगॉनच्या ज्वालामुखी प्रदेशात कुत्र्यांसह केबिनमध्ये मुक्काम: सल्ला हवा आहे

प्रश्न – हिल्सबरोकर

नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुटीत बेंड शहराच्या दक्षिणेला, न्यूबेरी ज्वालामुखीच्या परिसरात लाकडी केबिन घेऊन राहण्याचा आमचा विचार आहे. बरोबर मोती हा तरुण लॅब्रेडॉर आणि पुण्याहून आणलेली, आता वयस्क झालेली आमची गावठी कुत्री चंपा असेल. तिचे केस आखूड असल्याने तिला थंडी चटकन बाधते. सह्याद्रीचा काळा पाषाण पाहत वाढलेल्या आम्हा दोघांना कोवळा लाव्हा पाहण्याची फार ओढ आहे, परंतु कुत्र्यांना दिवसभर कोंडून ठेवायचे नाही. केबिन खाली ला पाइन गावाकडे घ्यावी की वर ज्वालामुखीच्या विवरातल्या तलावांकाठी, आणि कोणत्या वाटा त्यांच्यासाठी योग्य आहेत, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद – देवदार

केबिन नंतर ठरवा. कुत्रे कोणत्या दगडावर चालणार आहेत, हे आधी ठरवा. न्यूबेरीचा बिग ऑब्सिडियन फ्लो सुमारे 1,300 वर्षांपूर्वीचा, म्हणजे ऑरेगॉनमधला सर्वांत तरुण लाव्हा आहे, आणि त्यातली ज्वालामुखीकाच (ऑब्सिडियन) फुटली की तिच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. माणसाच्या बुटाला जे जाणवतही नाही, त्याने कुत्र्याच्या पंजाखालची गादी चिरते, म्हणून तिथे त्यांना मुळीच नेऊ नका. एकाने त्यांच्यापाशी थांबावे, दुसऱ्याने पाहून यावे आणि मग अदलाबदल करावी. पॉलाइना तलावाला पूर्ण फेरी घालण्याचा मोहही टाळावा, कारण ईशान्येकडे ती वाट अशाच काचेच्या प्रवाहातून जाते.

याउलट बेनहॅम धबधब्याकडची डेशूट्स नदीकाठची वाट मला कुत्र्यांसाठी सर्वांत आवडते. सुमारे 7,000 वर्षांपूर्वी लाव्हा ब्यूट या ज्वालामुखी शंकूतून निघालेल्या लाव्ह्याने या नदीचे पात्र अडवले, तिला बाजूला ढकलले आणि त्यातूनच तिथला खळाळ तयार झाला. आजही एका काठाला काळा, ओबडधोबड लाव्हा आणि दुसऱ्या काठाला पाँडेरोसा पाइनच्या गळलेल्या सुयांनी मऊ झालेली जमीन, असे दृश्य दिसते. उन्हाने तापलेल्या पाँडेरोसाच्या सालीला नाक लावून पाहा, व्हॅनिलासारखा वास येतो. चंपा थकली तर केव्हाही मागे फिरता येते, हेही या वाटेचे सुख आहे. मोतीला अधिक चालायचे असेल तर पॉलाइना ओढ्याकाठची वाट चांगली आहे. पट्टा मात्र सगळीकडे बांधलेलाच असू द्या.

मुक्काम खाली, ला पाइन किंवा सनरिव्हरकडे करावा असे माझे स्पष्ट मत आहे. तलाव 6,300 फुटांच्या आसपास आहेत आणि तिथे ऑक्टोबरमध्ये बर्फ पडू शकतो. ला पाइनलाही रात्री पारा गोठणबिंदूखाली जातोच. तेव्हा चंपासाठी स्वेटर आणि जमिनीपासून उंच, जाड अंथरूण न्यावे. लाव्हा रिव्हर केव्हचा बेत आखू नका, कारण त्या गुहेत कुत्र्यांना प्रवेश नाही आणि हिवाळ्यात झोपी जाणाऱ्या वटवाघळांसाठी शरदातच ती बंद करतात.

प्रतिसाद – पश्चिमवारा

वर आलेल्या सल्ल्याशी सहमत आहे. दोन धोक्यांची भर घालतो. ऑक्टोबरमध्ये त्या जंगलांत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, त्यामुळे दोन्ही कुत्र्यांना भडक नारिंगी जाकीट घाला आणि तुम्हीही तोच रंग वापरा.

दुसरा धोका वाटेतला आहे. कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर नदीकाठी विश्रांतीला थांबाल, तेव्हा अंडी घालून मेलेले सॅमन मासे काठावर पडलेले असू शकतात. कच्च्या सॅमन किंवा ट्राउटमधल्या एका परजीवी कृमीतून कुत्र्यांना जो जिवाणूसंसर्ग होतो, तो उपचार न मिळाल्यास बहुधा जीव घेतो. लक्षणे सहसा आठवडाभराने, म्हणजे तुम्ही घरी परतल्यावर दिसतील. उलट्या, जुलाब, ताप किंवा अन्नावरची वासना उडणे असे काही दिसले, तर पशुवैद्याला माशाची शक्यता आपणहून सांगा, कारण वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर कुत्रा बरा होतो.

हिल्सबरोकर

मनःपूर्वक आभार. बूट घालून ऑब्सिडियनवर नेता येईल का, असे विचारणार होतो, पण आता अदलाबदल करूनच पाहू. क्रेटर लेक त्याच सहलीत जोडावे का?

देवदार

कुत्र्यांसह असताना जोडू नये. न्यूबेरी वनखात्याच्या अखत्यारीत असल्याने तिथल्या बहुतेक वाटा कुत्र्यांना खुल्या आहेत. क्रेटर लेक राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथल्या बहुतेक पायवाटांवर त्यांना मनाई आहे. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी माझामा हा ज्वालामुखी पर्वत कोसळून झालेले ते 592 मीटर खोल सरोवर घाईने काठावरून पाहण्यासारखे नाही, त्याला स्वतंत्र सहल द्यावी. तुमच्या बेतात कुत्र्यांना केबिनमध्ये एकटे ठेवण्याची वेळ येणार असेल, तर मालकाची त्याला परवानगी आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. कुत्रे चालतात असे लिहिलेल्या कित्येक केबिनांमध्येही ती नसते.