अनुभव धागा: जोडीदार परदेशी, पासपोर्ट कुठला?

मागच्या महिन्यात मला जर्मन नागरिकत्व मिळालं. सांगलीला फोन केला तर मावशी म्हणाली, "म्हणजे आता तुझे दोन्ही देश!"

नाही गं मावशी. जर्मनीने २७ जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व सोडायची अट काढली. आपल्याकडे मात्र १९५५च्या कायद्याचं कलम ९ तसंच आहे: आपणहून दुसऱ्या देशाचं घेतलंत की भारताचं संपलं. वरच्या मजल्यावरची तुर्की बाई दोन्ही पासपोर्ट खणात ठेवून मजेत आहे. मी आपली ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज भरतेय. ते नागरिकत्व नव्हे, आजन्म व्हिसा. मत नाही, सरकारी पद नाही.

नवरा जर्मन म्हणून पाचाऐवजी तीन वर्षांनी अर्ज करता आला. परीक्षेचं कौतुक नको, ३३ प्रश्नांतले १७ बरोबर आले की झालं. घोळ घातला जन्मदाखल्याने. त्यावर आईवडिलांची नावं, पुढे "स्त्री", आणि बस. इथल्या बाईंनी विचारलं, "ही मुलगी तुम्हीच कशावरून?" आता त्यांना कसं सांगू, की नोंद चौथ्या दिवशी झाली आणि बारसं बाराव्या!

तर मंडळी, तुमचं काय झालं ते लिहा. सल्ले नकोत.

म्युनिकहून

आम्ही दोघं इथेच भेटलो, लग्न मात्र पुण्यात करायचं होतं. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस परवडली असती. पण बायकोला तिच्या देशाकडून "लग्नाला हरकत नाही" असा दाखला हवा, आणि त्यासाठी आधी माझे कागद तपासले जाणार. भारताचा अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, त्यामुळे तपासणी भारतातच, प्रत्यक्ष. किती महिने, कुणी सांगेना.

शेवटी इथली बरीच जोडपी करतात तेच केलं, डेन्मार्क गाठलं. एरो नावाचं बेट आहे, बोटीने जायचं. आई व्हिडिओ कॉलवर होती. अधिकारी बाई कागद वाचायला लागल्या आणि फोनमधून आईने मंगलाष्टकं सुरू केली. मी घाईघाईने आवाज बंद करायला गेलो तर त्या बाईंनीच हात वर करून थांबवलं. "सावधान" होईस्तोवर उभ्या राहिल्या. अक्षता म्हणून हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या होत्या, त्या आम्हीच एकमेकांवर टाकल्या.

नाशिकची, आता युट्रेख्ट

नवरा डच असल्यामुळे डच बाजूने मला जुनं सोडायची सक्ती नव्हती. गेलं ते भारताच्या बाजूने. रद्द केलेला पासपोर्ट परत देतात, तो आहे माझ्याकडे. पहिल्या पानावरचा फोटो एकोणिसाव्या वर्षीचा, दोन वेण्या घातलेला.

खरी गोष्ट पुढची. बाबा गेले. दिंडोरीजवळ आमचा द्राक्षाचा मळा. तेराव्याला जेवणं उरकली नाहीत तोच काका म्हणाले, "तू आता परदेशी झालीस, तुझं नाव सातबाऱ्यावर चढत नाही." मी गप्प बसले, कारण मलाही तसंच वाटत होतं. रात्री भावाने वकिलाला विचारलं. ओसीआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येते. वारस नोंदीचा अर्ज दिला, फेरफार झाला, नाव लागलं. उद्या विकायचं झालं तर मात्र भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. काका अजून बोलत नाहीत. आणि हो, ही युक्ती मुलींच्या बाबतीतच बरी सुचते. अमेरिकन नागरिक झालेल्या चुलतभावाला हा नियम कुणी ऐकवला नव्हता.

मडगाव, सध्या स्विंडन, इंग्लंड

आमचं वेगळंच. आजोबा १९६१च्या डिसेंबरआधी गोव्यात जन्मले, म्हणजे पोर्तुगीज अमलात. आधी त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला, मग वडिलांचा, मग माझा, आणि मी पोर्तुगीज झालो. इथे गोंयकार ढिगाने आणि पोलिशही ढिगाने, त्यातलीच एक माझी बायको. पोर पोलिश आणि पोर्तुगीज, शिवाय आम्ही दोघं इथे कायमचे म्हणून जन्माने ब्रिटिश. तिच्याकडे तीन देश, आणि तिच्या बापाला मडगावात नगरपालिकेला मत देता येत नाही.

न्यू जर्सी

मी घेतलंच नाही. नवरा अमेरिकन, ग्रीन कार्डाला बावीस वर्षं झाली. मुंबईला उतरलो की तो आणि मुलं एका रांगेत, मी दुसऱ्या. माझी रांग लांब असते. असू दे.

पुन्हा जर्मनी, कोलोन

कायद्याचं वरच्यांनी लिहिलंय, मी फक्त अंगठ्याबद्दल लिहितो. लेक आठ महिन्यांची, आईमुळे जन्मतः जर्मन, तिच्या ओसीआयसाठी सहीच्या जागी ठसा. फोटो एकदा परत आला होता, मागची भिंत पांढरी म्हणून; फिकट हवी होती, पण पांढरी नको. दुसऱ्या वेळी निळी चादर टांगली. ठशासाठी शाईचा पॅड आणला तर पोरीने मूठ जी वळली ती उघडेना. तिला झोपवून बायकोने एकेक बोट सोडवलं, मी टॉर्च धरला. सुरेख ठसा उमटला, चौकटीत अगदी मध्यभागी.

मग सूचना वाचली. मुलग्यांचा डावा, मुलींचा उजवा. आम्ही डावा घेतला होता.