केमो पोर्ट बसवून घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मावशीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून आता केमोथेरपी सुरू होणार आहे. दर 21 दिवसांनी एक याप्रमाणे डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फमाइडच्या 4 मात्रा आणि नंतर 12 आठवडे पॅक्लिटॅक्सेल, असे ठरले आहे. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात व त्यात अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही सापडतात, म्हणून रक्तपेशी भरून येण्यासाठी मध्ये अंतर ठेवतात, हे डॉक्टरांनी नीट समजावले.

आमची खरी अडचण शिरांची आहे. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात वापरायचा नाही, दुसऱ्या हाताच्या शिरा फार बारीक आहेत आणि डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूच्या ऊतींना गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे छातीवर त्वचेखाली पोर्ट (औषध थेट मोठ्या शिरेत सोडण्यासाठी नळी जोडलेली छोटी डबी) बसवण्याचा सल्ला मिळाला आहे. मावशी मात्र घाबरली आहे, आणि तिची भीती मला अवाजवी वाटत नाही.

ज्यांनी पोर्ट बसवून घेतला, त्यांना झोपताना किंवा घरकाम करताना त्रास झाला का? संसर्ग होऊ नये म्हणून कोणती काळजी घेतली? उपचार संपल्यावर पोर्ट काढेपर्यंत तो वेळोवेळी आतून धुऊन (फ्लश करून) घ्यावा लागतो, ते काम तालुक्याच्या ठिकाणी होते का, की दर वेळी मोठ्या शहरातच जावे लागते?