नोकरी करत केलेली बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे 'नुसता कागद'?

रात्रपाळी

गेल्या आठवड्यात एक पोस्ट फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आली. लिहिणारी व्यक्ती नर्सिंगमधलीच. आशय असा: "आधी जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून नोकरी पटकवायची, मग घरबसल्या पदवी उरकायची आणि चार वर्षं कॉलेजात झिजलेल्यांच्या पुढे जाऊन प्रमोशन मागायचं. असली पदवी म्हणजे नुसता कागद. माझी आई आजारी पडली तर तिला अशा सिस्टरच्या हाती देणार नाही." खाली आपल्याच लोकांचे अंगठे. मला गप्प बसवेना.

घरबसल्या म्हणणाऱ्यांनी एकदा अभ्यासक्रम उघडून बघावा. मी इग्नू या मुक्त विद्यापीठातून पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची बी.एस्सी. केली. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेने तो १९९४ पासून सुरू झालेला अभ्यासक्रम. आर.एन.आर.एम., म्हणजे नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी हवी, नोंदणीनंतर २ वर्षांचा अनुभव हवा, वर प्रवेश परीक्षा. कॉलेजात २ वर्षांत होतं त्याला इथे किमान ३ वर्षं लागतात. पुस्तकं घरी येतात हे खरं. पण प्रॅक्टिकल हॉस्पिटलात उभं राहूनच करावं लागतं, आणि तेही आपली ड्युटी सांभाळून.

त्या 'कागदा'ने मला काय दिलं ते सांगते. आमच्या ऑर्थो वॉर्डात खुब्याचं हाड मोडलेले म्हातारे पेशंट पडून असायचे आणि त्यांना बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा व्हायच्या. सगळ्या म्हणायच्या, वय झालंय, होणारच. रिसर्चच्या पेपरसाठी मी पोझिशन चार्ट, म्हणजे पेशंटला कधी वळवलं त्याच्या नोंदी, काढून बघायला लागले. दर दोन तासांच्या रकान्यात सही होती: आठ, दहा, बारा, दोन. पण सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या ओळीत ओढलेल्या, ड्युटी संपताना एकदम केलेल्या. आणि पेशंटला कुशीवर वळवलं तर माकडहाडावरची कातडी लाल, बोट दाबलं तरी पांढरी न होणारी. बेडसोअरचा धोका मोजायचं ब्रेडन स्केल मी नोकरीआधीच पाठ केलं होतं: ६ निकष, २३ पैकी गुण, १८ किंवा त्याखाली म्हणजे धोका. पण त्या आकड्यावरून कुणाला आधी वळवायचं हे ठरवायचं असतं, ते पदवीचा अभ्यास करताना उमगलं. इन-चार्ज सिस्टरना दाखवलं. रोजच्या हँडओव्हरमध्ये स्कोअर सांगायचं ठरलं. जखमा कमी झाल्या, मी डोळ्यांनी बघितलं.

वर्गात बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हा प्रश्नच पडला नसता. तिने असे चार्ट भरलेलेच नसतात.

चार_वर्षांवाली

एकोणीस वर्षांच्या मुलीला प्रश्न पडत नाहीत हे कुणी ठरवलं? मी कॉलेजातून चार वर्षांची बी.एस्सी. केली. पहिल्या वर्षापासून वॉर्डात पोस्टिंग होतं. सकाळी क्लिनिकल, दुपारी लेक्चर, रात्री जर्नल. वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढलं, त्याचे हप्ते आता माझ्या पगारातून जातात.

आणि मिळालं काय? सरकारी भरतीत जीएनएम आणि आम्ही एकाच पदावर, अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून. एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेला जीएनएमवालीकडे ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव असला की ती पात्र. म्हणजे सुरुवातीला आमच्या पदवीला किंमत नाही आणि प्रमोशनच्या वेळी तुम्ही तीच पदवी नोकरी करत करत घेऊन येणार. मूळ पोस्टवर अंगठा मी दिलेला नाही, पण ती चीड मला कळते.

पाठ्यनिर्देशिका

मूळ पोस्टची भाषा वाईटच. तरी एक बाजू कुणी मांडत नाही म्हणून मांडते.

मी प्रॅक्टिकलची परीक्षक म्हणून गेले आहे. टेबलावर चार फाइल्स. पेशंट वेगळे, वयं वेगळी, पण चौघांची नाडी ८८, श्वसन २२, ताप १००.४. एका फाइलमध्ये पुरुष पेशंटच्या हिस्टरीत पाळीची माहिती लिहिलेली. विचारलं तर उत्तर, "मॅडम, ड्युटी असते, वेळ कुठे मिळतो." केअर प्लॅन तयार विकत मिळतात, सगळ्यांना माहीत आहे. मग सायकियाट्री वॉर्डात एकीला मेंटल स्टेटस एक्झामिनेशन, म्हणजे पेशंटशी बोलून मनाची अवस्था तपासायला सांगितलं. "जेवलात का" याच्या पुढे तिला पेशंटशी बोलता येईना. या बाईंनी आयसीयूत वर्षानुवर्षं काढलेली. हात कमालीचा सफाईदार, पण मनोरुग्णासमोर बसायची सवय कधी झालीच नाही.

नोकरीतला अनुभव एकाच वॉर्डाचा असतो. पदवी सगळ्या वॉर्डांची असते. सायकियाट्री, कम्युनिटी, पीडियाट्रिक्स, हे पोस्टिंग खरोखर झालं का, हाच प्रश्न आहे.

रात्रपाळी

मॅडम, रेग्युलर कॉलेजच्या फाइल्स तुम्ही तपासल्याच असतील. सीनियरची फाइल ज्युनियरकडे जाते, हॉस्टेलवर रात्रभर बसून उतरवली जाते. ते तुम्हाला चालतं, आणि आम्ही केलं की पदवीच खोटी? चोरी ती चोरी, पण नाव फक्त आमचंच का घेता?

पाठ्यनिर्देशिका

मला कुणाचीच चालत नाही. कॉलेजात मी रोज समोर असते, फाइल परत करते, पुन्हा लिहायला लावते. तुमच्याकडे परत करणारं कोण असतं?

बदली_ऑफ

तुमची पदवी खरी की खोटी ते तुम्ही ठरवा. माझं वेगळं आहे आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आमच्या वॉर्डात एक सिस्टर शिकत होती. तिचा कॉन्टॅक्ट प्रोग्राम (हजर राहून करायचे वर्ग) आला की तिच्या नाइट कुणाला? मला. परीक्षा आली की ऑफ कुणाचा रद्द? माझा. तिची रजा कागदावर मंजूर व्हायची आणि तिच्या जागी माणूस मिळायचा नाही. मी मॉर्निंग करून घरी आले की फोन, "ताई, आज रात्री तेवढं बघशील का, ती नाहीये." माझ्या मुलाला ताप होता त्या रात्री मी दुसऱ्यांच्या मुलांना स्पंजिंग करत होते. पदवी झाल्यावर ती बढती घेऊन दुसरीकडे गेली. पेढा दिला जाताना. माझे ऑफ परत दिले नाहीत कुणी.

नोकरी सांभाळून शिकले असं म्हणता ना, ती नोकरी सांभाळली कुणी ते पण लिहा.

रात्रपाळी

बदली_ऑफ ताई, हे तुमच्या हॉस्पिटलच्या प्रशासनाला विचारा. शिकणाऱ्या बाईला का धरता? मी माझी अर्जित रजा घालून कॉन्टॅक्ट प्रोग्राम केलेत. त्या वर्षांत भावाच्या लग्नालासुद्धा एक दिवस जाऊन आले.

बदली_ऑफ

तुमची रजा तुमच्या खात्यातून गेली, रात्र माझ्या अंगावरून गेली. दोन्ही एकच नाही.

चार_वर्षांवाली

हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडेही हेच चालतं.

परिसेविका

ड्युटीचं रोस्टर मी लावते, म्हणून बोलते. सगळ्यांना वाटतं इन-चार्ज पक्षपात करते. कौन्सिलचा निकष काय आहे? टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ सिस्टर, साध्या हॉस्पिटलात ५ मागे १, आणि वर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी जादा माणसं. हे ३० टक्के कशासाठी? बाळंतपण, आजारपण, शिक्षण, सगळ्यासाठी. ते मला कधी मिळालेले नाहीत. रात्री पूर्ण वॉर्ड आणि एक सिस्टर, खाली गाद्या टाकलेले पेशंट वेगळेच. अशात एकीला अभ्यासाला सोडायचं म्हणजे दुसरीला ओढावंच लागतं. मी काय वाऱ्यातून माणूस आणू?

आणि शिकायला जायची एनओसी (ना हरकत पत्र) अडवतात म्हणून रडणाऱ्यांनी हेही बघावं, की सही करणाऱ्या मॅट्रनला त्या रात्रीचं उत्तर द्यायचं असतं.

बदली_ऑफ

इन-चार्ज मॅडम, माणूस नाही हे मान्य. पण दर वेळी तीच एक का ओढली जाते? जी नाही म्हणत नाही तीच. तुमच्या वहीत कुणाचे किती ऑफ गेले त्याचा हिशोब आहे का? आमच्या वहीत नव्हता.

परिसेविका

माझ्या वहीत आहे. सगळ्याच वॉर्डांत असतो असं म्हणत नाही.

ब्रदर_आयसीयू

तुम्ही सगळ्या सरकारी. आम्हा प्रायव्हेटवाल्यांना एनओसी मागायचीही सोय नाही. मी जिथे होतो तिथे जॉइन करताना ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतली होती. पोस्ट बेसिकचा फॉर्म भरायला नोंदणीची मूळ प्रत लागली, तर एचआरने विचारलं, "सोडून जायचंय का?" मिळाली नाहीत. त्या वर्षीची प्रवेशाची संधी गेली.

पगाराचं बोलू नका. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये समिती नेमायला लावली. तिने सांगितलं, २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात सरकारी सिस्टरएवढा पगार द्या, ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही २०,००० च्या खाली नको. शिफारस कागदावरच राहिली. पदवी झालेल्या माझ्या मित्राला पगारवाढ शून्य, फक्त बिल्ल्यावर अक्षरं वाढली. तरी मला करायची आहे. ब्रदर म्हणून वॉर्डाबाहेरची कामं अंगावर टाकतात, स्ट्रेचर ढकल, ऑक्सिजनचा सिलेंडर आण. शिकवण्याच्या बाजूला जायचं तर पदवीशिवाय दार उघडत नाही.

वाचते_मी

विषय रोस्टरवर गेलाय, तरी मूळ प्रश्नाला धरून एक सांगते. पदवीधर नर्स असण्याने पेशंटला फरक पडतो का, याचा अभ्यास झालेला आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा, २०१४ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला. युरोपातले ९ देश, ३०० हॉस्पिटलं, शस्त्रक्रियेचे चार लाखांहून जास्त पेशंट. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी. म्हणजे पदवी हा नुसता कागद नाही.

पाठ्यनिर्देशिका

तो अभ्यास मी वर्गात शिकवते. त्यात पदवी कशी मिळवली, नोकरी करत की पूर्णवेळ, हे वेगळं काढलेलं नाही. तुम्ही तो दूरस्थ पदवीच्या बाजूने वापरू शकत नाही.

वाचते_मी

आणि मूळ पोस्टवाल्या बाई विरोधात वापरू शकत नाहीत.

बदली_ऑफ

त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे, तो का गाळला? एका नर्सकडे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. मला हे आमच्या युनियनच्या बाईंनी दाखवलं होतं. म्हणजे एक सिस्टर शिकायला गेली आणि तिचे पेशंट माझ्याकडे आले, तर पेशंटच्या पदरात काय पडलं? हे मी पहिल्यापासून म्हणते आहे आणि तुम्ही मला प्रशासनाकडे पाठवता.

रात्रपाळी

बरं. हा मुद्दा मला नाकारता येत नाही. पण मी त्यातून "म्हणून शिकू नका" असं काढणार नाही. शिकणारीला सोडायचं तर बदली माणूस द्या, ही मागणी शिकणारीने आणि मागे राहणारीने मिळून करायला हवी. आपण एकमेकींचे ऑफ मोजत बसलो तर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह कुणीच मागणार नाही.

चार_वर्षांवाली

मिळून म्हणता, पण सीनियॉरिटीच्या यादीत आमच्यावर बसताना मिळून नसता तुम्ही.

रात्रपाळी

सीनियॉरिटी नोकरीच्या वर्षांनी येते. मी तुमच्या आधी लागले, तुमच्याआधी नाइट केल्या. त्यात तुमचं काय हिसकावलं?

नवी_स्टाफ

मी वर्षापूर्वी जीएनएम झाले. मला एका संस्थेचा मेसेज आला आहे: "पूर्ण ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग, हजेरी नको, ड्युटी सोडायला नको, पदवी हमखास." अर्धी फी आधी भरा म्हणतात. तुम्हा सगळ्यांचं वाचून गोंधळले. भरू का?

पाठ्यनिर्देशिका

एक पैसा भरू नकोस. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीत ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने शिकवायला मनाई असलेल्या विषयांत नर्सिंग आहे; इग्नूचा पोस्ट बेसिक कौन्सिलच्या मान्यतेने आधीपासून चालत आलेला, हे तसं नाही. हजेरी नको म्हणणाऱ्याकडे प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नसलेली पदवी घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे गेलीस तर वाढीव पात्रता म्हणून तिची नोंद होणार नाही. संस्थेचं नाव आणि ते सत्र कौन्सिलच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते आधी बघ. कुठलंही सत्र मागच्या वर्षीच्या माहितीवर धरू नकोस. आणि आधी दोन वर्षं नीट वॉर्ड कर.

रात्रपाळी

हे मी सही करून देते. मॅडम आणि मी इतक्या भांडलो, पण यात आमचं दुमत नाही. असल्या जाहिरातींमुळेच आम्हाला 'घरबसल्या' ऐकावं लागतं.

पाठ्यनिर्देशिका

तुमचा बेडसोअरचा अनुभव मी वाचला. चार्टवरच्या सह्या बघून शंका येणं, हे मला वर्गात शिकवूनही सगळ्यांना जमत नाही. तुमच्यापुरतं मान्य करते. सगळ्यांना लागू करणार नाही. प्रॅक्टिकलच्या लॉगबुकवर सही करणारी व्यक्ती बेडजवळ उभी होती का, हा माझा प्रश्न तसाच आहे.

परिसेविका

आमच्या वॉर्डात पुढच्या सत्राला दोघी बसणार आहेत. दोघींना एकाच वेळी सोडणं शक्य नाही, आताच सांगते.

बदली_ऑफ

मग त्या दोघींनी कॉन्टॅक्टच्या तारखा कळल्या त्याच दिवशी लेखी द्याव्यात, रोस्टर लागायच्या आधी. आणि ज्यांच्या नाइट वाढतील त्यांची नावं त्याच कागदावर, खाली इन-चार्जची सही. नाइटला नाइट, ऑफला ऑफ, सत्र संपल्यावर दोन महिन्यांत परत. हे लिहून मिळालं तर मी माझ्या वॉर्डात कुणाला अडवणार नाही. तोंडी सांगितलेलं मी आता ऐकत नाही.