वेळ अमावस्येची अचानक मिळालेली सुट्टी: लातूर परिसरात एकट्याने कोठे जावे?

प्रश्न – बदलीवर आलेला

यंदा पावसाळ्यात माझी रत्नागिरीहून लातूर जिल्ह्यातील एका सरकारी कार्यालयात बदली झाली असून कुटुंब अद्याप गावीच आहे. परवा वेळ अमावस्येनिमित्त (शेतात पूजा करून तेथेच जेवण्याचा इकडचा सण) जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी जाहीर केलेली आहे, हे मला आज दुपारी सहकाऱ्यांच्या बोलण्यातून कळले. एका दिवसात रत्नागिरीला जाऊन येणे शक्य नाही, आणि सोबत कोणाला मागावी म्हटले तर प्रत्येक जण सहकुटुंब शेतात असणार.

माझ्याकडे दुचाकी आहे. जुने दगडी काम निवांत पाहत एकट्याने हिंडणे मला मनापासून आवडते, म्हणून सोबत नसल्याची तक्रार नाही. सकाळी निघून दिवस मावळायच्या आत परतता येईल असे एखादे ठिकाण कृपया सुचवावे. त्या दिवशी वाटेत जेवणाची सोय होईल का, हेही सांगावे. आणखी एक शंका आहे. दोघा सहकाऱ्यांनी मला 'शेताला या' असे म्हटले आहे. हे बोलावणे मनापासूनचे समजावे की रीतीचे, आणि दुसऱ्याच्या घरच्या सणात जाऊन बसणे बरे दिसेल का?

उत्तर – बालाघाटचा वाटसरू

आपण रत्नागिरीचे आहात म्हणून मी खरोशाचेच नाव घेईन. वेरूळची लेणी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत, परंतु औसा तालुक्यातील खरोशाच्या टेकडीतली लेणी जांभ्यात आहेत, आणि ज्याच्या घराच्या भिंतीच जांभ्याच्या असतात त्याला हा दगड कोरणाऱ्याला किती छळतो हे वेगळे सांगावे लागत नाही. जांभ्यावर बारीक नक्षी टिकत नाही. त्यामुळे येथील नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय ही शिल्पे झिजलेली आणि भोकाभोकांची दिसतात, त्यांचे नाक-डोळे शोधावे लागतात, आणि घाईने येणारा माणूस पाच मिनिटांत 'काही विशेष नाही' म्हणून परततो. आपण घाईत नसाल असे प्रश्नावरून वाटते. ऊन तिरपे असताना जा, कारण मूर्तींचा उठाव तेव्हाच नीट कळतो. ही लेणी साधारण सहाव्या शतकातील मानली जातात आणि त्यांत बुद्धमूर्तीही आहे. टेकडीवर रेणुकादेवीचे मंदिर आहे.

लातूरहून खरोसा सुमारे ४५ किलोमीटर आहे. वाटेत लातूरपासून साधारण २० किलोमीटरवर औसा लागते आणि तेथील भुईकोट पाहण्यासारखा आहे. हा किल्ला सपाटीवर असल्यामुळे लांबून जाणवत नाही, अगदी जवळ गेल्यावर खंदक आणि दुहेरी तटबंदी दिसते. तरीही पहिल्यांदा थेट खरोसा गाठावे आणि औसा परतीच्या वाटेवर ठेवावे. उदगीरचा किल्ला याहून भव्य आहे, आणि १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो याच परिसरात. परंतु तो साठ किलोमीटरहून दूर आणि वेगळ्या दिशेला आहे, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी करण्याचा मोह टाळावा.

सकाळी स्वेटर आणि कानटोपी लागेल. अकरानंतर तीच ओझे होतील.

उत्तर – काळी माती

खरोशाची सूचना उत्तम आहे, परंतु जेवणाचा प्रश्न राहून गेला. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस पडतात, बहुतेक दुकाने आणि खाणावळी बंद असतात, आणि रोजचा चहाचा गाडा चालवणारा माणूसही त्या दिवशी कोणाच्या तरी शेतात असतो. डबा आणि पाणी बरोबर ठेवा, पेट्रोल आदल्या संध्याकाळीच भरा. मात्र तो डबा उघडण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही.

आता बोलावण्याविषयी. ते खरे आहे. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेल्याने बोलवायचे, ही येथली पद्धतच आहे, आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीत बसवले जाते. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे लहानशी खोप, उभारतात, तीत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा होते, नैवेद्य होतो आणि मग जेवणे होतात. हरभऱ्याचे पीठ, तुरीचे, वालाचे आणि वाटाण्याचे ओले दाणे, मिळतील तेवढ्या पालेभाज्या असे सगळे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि आदल्या दिवशी ज्वारीचे पीठ व ताक घालून केलेली, मडक्यात थंड झालेली आंबील असा बेत असतो. आंबील जपून प्यावी. दुपारी इतकी गाढ झोप लागते की खरोसा राहूनच जाईल.

हुरड्याची आशा धरून मात्र जाऊ नका. ही मार्गशीर्षातली अमावस्या इंग्रजी महिन्यांत पुढे-मागे सरकते. २०२४ मध्ये तर ती ११ जानेवारीला आली आणि पुन्हा ३० डिसेंबरलाही. डिसेंबरात आली तर बऱ्याच रानांत ज्वारीचे कणीस जेमतेम बाहेर पडलेले असते आणि दाण्यात हुरड्याइतका चीक भरलेला नसतो. हरभऱ्याचे घाटे मिळतील.

उत्तर – तेरणाकाठ

माझे मत थोडे निराळे आहे. प्रश्नकर्त्याला एकट्याने हिंडायला आवडते, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. आपण मराठवाड्यातले लोक एकटा माणूस दिसला की त्याला काही तरी दुःख आहे असे धरून चालतो आणि जेवू घालून ते दूर करू पाहतो. सणाला गेलात की चार शेतांत चार वेळा जेवावे लागते, नाही म्हटलेले कोणी ऐकत नाही आणि दिवस संपतो. म्हणून सहकाऱ्यांना आजच वेळ सांगून टाका: 'एक वाजता येतो, तीनला निघतो.' सकाळ पूर्णपणे आपली ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. एका सहकाऱ्याचे शेत औशाच्या अलीकडे आहे, म्हणजे सकाळी खरोसा आणि परतताना त्यांच्याकडे जेवण असे जमेल; किल्ला पुढच्या एखाद्या रविवारी. रिकाम्या हाताने जावे का? आणि ते म्हणतात की संध्याकाळचा हेंडगा पाहिल्याशिवाय जाऊ नका. त्यासाठी थांबावे का?

उत्तर – काळी माती

लहान मुले असतील तर थोडा खाऊ न्या, त्याहून अधिक काही नेल्यास यजमानांना अवघडल्यासारखे होईल. कोपीत जाताना चपला बाहेर काढाव्यात आणि पूजेची छायाचित्रे विचारून घ्यावीत, एवढे पाळले की पुरे.

हेंडगा म्हणजे दिवस मावळताना पेटवलेली पेंढी घेऊन शेतात धावत फिरायचे, आणि तो पाहण्यासारखाच असतो. अडचण परतीची आहे. सध्या कारखान्यांचा गाळप हंगाम चालू असल्यामुळे उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यांतील अनेकींना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते, आणि अंधारात दुचाकीस्वाराला त्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. थांबायचे असेल तर सहकाऱ्याचे कुटुंब जीपने किंवा मोटारीने लातूरला परतणार आहे का, हे आधी विचारा आणि त्यांच्या मागोमाग या. ते शेतातच मुक्काम करणार असतील, तर साडेचारला निरोप घ्या.

उत्तर – बालाघाटचा वाटसरू

लेण्यांत बॅटरी घेऊन जा, आतल्या बाजूच्या मूर्ती दिवसाही अंधारात असतात.